पायाकडची फळी

रविवारची उपासना आटोपून सगळे बाबांच्या घरी आले तेव्हा जिन्यावर नेहमीचाच प्रकार झाला. आत्या सगळ्यांत पुढे, तिच्या मागे दादा, मग ताई. बाबांच्या खोलीचं दार आलं की तिघंही क्षणभर थांबायची, एकेक श्वास घ्यायची, आणि पाहुणे यायच्या आधी टेबलावर घाईघाईने चादर अंथरावी तसं तोंडावर हसू अंथरून आत शिरायची. धाकटी खालच्या पायरीवरून हे बघत होती. तिला हसू चढवता यायचं नाही, म्हणून ती नेहमी शेवटी जायची आणि दाराशीच उभी राहायची.

धाकटी बेचाळीस वर्षांची होती. पण घरात एकदा धाकटी ठरलं की केस पांढरे झाले तरी सुटका नसते.

हॉस्पिटलने बाबांना घरी पाठवलं त्याला बरेच दिवस झाले होते. आता घरीच आराम करू द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. या वाक्याचा अर्थ ताईला सांगावा लागला नाही, कारण ती त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती आणि बाबांच्या छातीचे रिपोर्ट तिच्या डोळ्यांखालून गेले होते. फार वेळ उरलेला नाही, हे तिने धाकटीला दोरीवर कपडे वाळत घालताना सांगितलं आणि दादाला कळू देऊ नकोस म्हणून बजावलं. दादाने तेच डॉक्टरांना गाठून परस्पर काढून घेतलं होतं आणि ताईला कळू नये म्हणून तोही जपत होता. आत्याला तर कुणी सांगायचीच गरज नव्हती, तिने नवरा आणि दोन भाऊ याच वाटेने पोचवले होते. म्हणजे बाबांना सोडून चार माणसं होती, चौघांना सगळं ठाऊक होतं, आणि चौघंही एकमेकांपासून तेच लपवत होती. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं न बोलता एकमत होतं. बाबांना यातलं काही कळता कामा नये.

त्या दिवशीही तेच चाललं. दादा म्हणाला, रंग पुष्कळ सुधारलाय. ताईने उशी नीट केली आणि पुढच्या महिन्यात तुम्हाला बाहेर फिरवून आणू म्हणाली. आत्याने पलंगाशी उभं राहून खणखणीत आवाजात प्रार्थना केली. तिच्या प्रार्थना मंडळाने साखळी धरली होती, दिवसाच्या प्रत्येक तासाला कोणी ना कोणी बाबांच्या बरं होण्यासाठी गुडघे टेकत होतं, आणि प्रभूने ऐकलं आहे याबद्दल तिने प्रभूचे आगाऊ आभारही मानून टाकले. बाबांनी सगळ्याला आमेन म्हटलं. मग त्यांची नजर दाराकडे वळली.

"दुकान कसं चाललंय?" त्यांनी विचारलं.

"चाललंय," धाकटी म्हणाली.

"रंध्याला धार लाव. कुंथतोय."

एवढंच बोलून त्यांनी डोळे मिटले. धाकटी मात्र चपापली. तिने तीन जणांकडे पाहिलं, पण त्यांना यात काही वावगं वाटलं नव्हतं. आजारी सुताराला रंध्याची काळजी वाटायचीच.

बाबांच्या खोलीखाली दुकान होतं. आजोबांनी ते घातलं, बाबांनी वाढवलं, आणि दादा शाळेत विज्ञान शिकवायला आणि ताई लॅबमध्ये गेल्यावर ते उरलं धाकटीकडे. तिथे पेट्या होत. कपड्यांच्या नव्हेत, माणसांच्या. लहानपणी वर्गातली मुलं धाकटीच्या बाकावर बसायला बिचकायची, ही नुसत्या डोळ्यांनी आपलं माप घेईल म्हणून. आणि त्यांचं काही चुकत नव्हतं, ती घेतच असे. लग्नाच्या वयात आल्यावर दोन-तीन ठिकाणी बोलणी झाली, ती दुकानाची पाटी दिसेपर्यंत टिकली. पुढे कुणी विचारलं नाही आणि तिनेही मनाला लावून घेतलं नाही, निदान तसं सगळ्यांना वाटलं.

या दुकानाचे दोन नेम होते. आजोबांनी घालून दिलेले, आणि का ते विचारायचं नाही अशा स्वरात घालून दिलेले. पहिला असा की घरच्या माणसाची पेटी घरात करायची नाही, ती पुलापलीकडच्या दुकानातून आणायची. दुसरा नेम गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हता. प्रत्येक पेटीच्या पायाकडच्या फळीला, आतल्या कापडाच्या मागे, गिरमिटाने एक बारीक भोक पाडायचं. ज्वारीचा दाणा जाईल न जाईल एवढं. आपल्या माणसांना पूर्वेकडे पाय करून ठेवतात, म्हणजे पुनरुत्थानाच्या सकाळी उठताना तोंड उगवतीकडे असावं. तर त्या सकाळचा पहिला उजेड आत यायला वाट नको का, असं आजोबांचं म्हणणं. दादा विज्ञान शिकवायला लागल्यापासून या भोकावरून बाबांची फिरकी घ्यायचा. मातीखाली उजेड कसा पोचणार ते एकदा फळ्यावर काढून दाखवा म्हणायचा. बाबा म्हणायचे, तो तुझ्या परीक्षेतला प्रश्न आहे, माझ्या नाही.

धाकटीने शेकडो भोकं पाडली होती. पेटीला कड्या बसवाव्यात तितक्या सहज.

जेवणाची पानं मांडताना वर एक बैठक कमी पडली, म्हणून दादा स्टूल आणायला खाली दुकानात गेला. धाकटी स्वयंपाकघरात होती. तिच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. दादाने खालून हाक मारली ती तिच्या खऱ्या नावाने, आणि दादा तिला खऱ्या नावाने हाक मारतो तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं.

मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक पेटी होती. ताडपत्री आता जमिनीवर पडली होती. दुकानात तयार पेट्या नेहमीच असत, त्यात विशेष काही नव्हतं, पण ही पेटी त्या फळ्यांची होती. तांबूस, सरळ रेघांच्या, एकही गाठ नसलेल्या. बाबांनी त्या वीस वर्षं भिंतीशी उभ्या करून ठेवल्या होत्या आणि कुणी कितीही गळ घातली तरी विकल्या नव्हत्या. धाकटीच्या लग्नात तिला कपाट करून द्यायचं होतं, त्यासाठी त्या ठेवलेल्या. घरातल्या प्रत्येकाला त्या फळ्या पाठ होत्या.

दादा पेटीशेजारी उभा होता. पेटी आणि बाबा यांची उंची जुळवायला त्याला विज्ञान लागलं नाही.

"हे काय आहे?" तो म्हणाला.

एव्हाना ताई आणि आत्याही खाली आल्या होत्या. आत्याने पेटी पाहिली, फळ्या पाहिल्या, आणि ती हळूच रंध्याच्या बाकावर बसली. मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. तिकडे माणसं अर्ध्या झोपेतून उठून भावासाठी गुडघे टेकतायत आणि इकडे पोटची पोर त्याची पेटी करून मोकळी झाली. याला म्हणतात अविश्वास. देव वरून बघत असेल तर काय म्हणेल, की यांचं मागणं एक आणि हातांचं काम दुसरंच. आजोबांचा नेम मोडला तो मोडलाच, शिवाय जिवंत माणसाचं माप घेतलं.

धाकटी ऐकत राहिली. यातलं बरंचसं ती स्वतःला आधीच म्हणून चुकली होती. ताईने सांगितलं त्या आठवड्यात ती बाबांना पाणी द्यायला वर गेली होती, ते झोपले होते, आणि तिच्या डोळ्यांनी पलंगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन माप घेतलं होतं. डोळ्यांनी तिला विचारलं नव्हतं. ती पेला तिथेच ठेवून खाली पळाली होती आणि कितीतरी वेळ करवतीच्या मागे तोंड लपवून बसली होती. दुसऱ्या दिवशी तिने त्या फळ्या भिंतीपासून हलवल्या.

"पण तुला सांगितलं कोणी?" दादा विचारत होता. "बाबा बरे होतायत. डॉक्टरांनी मला स्वतः सांगितलंय. मग तुझ्या डोक्यात हे भरवलं कोणी?"

धाकटीने ताईकडे पाहिलं. ताईने बोलावं एवढीच तिची अपेक्षा होती. रिपोर्ट मी वाचले, मी सांगितलं, एवढं एक वाक्य. लहानपणी दोघी एका पांघरुणात झोपायच्या आणि अंधाराला घाबरून एकमेकींची बोटं धरायच्या. ताईने पदराशी चाळा केला आणि ती म्हणाली, "मला तर काहीच माहीत नाही. हिला एकटीला दिवसभर इथे बसून नाही नाही ते सुचत असेल."

हे मात्र धाकटीला लागलं. नेमापेक्षा आणि अविश्वासापेक्षा जास्त लागलं, कारण यातलं 'एकटी दिवसभर इथे बसून' एवढं मात्र खरं होतं.

मग ठरवाठरवी सुरू झाली, आणि ती धाकटीला वगळून झाली. दादाचं म्हणणं, संध्याकाळच्या आत ही पेटी मोडून टाकायची. ताईला मोडणं जिवावर आलं, तिचं म्हणणं, पुलापलीकडच्या दुकानात नेऊन ठेवू, पुढचं पुढे. आत्या म्हणाली, कुठेही न्या पण माझ्या भावाच्या कानावर जाता कामा नये, त्याचं अवसान गळेल. एरवी स्वयंपाकघरापासून दरवाजापर्यंत कशावरही न पटणारी ही तीन माणसं पाच मिनिटांत एक झाली. आजोबांनंतर घर इतकं एकदिलाने वागलेलं धाकटीने पाहिलं नव्हतं.

"तू का केलीस, ते तरी सांग," दादा शेवटी म्हणाला. आवाजात आता राग कमी होता.

"आईच्या पेटीला भोक नव्हतं," धाकटी म्हणाली.

आईची पेटी पुलापलीकडून आली होती, नेमाप्रमाणे. कड्या खिळखिळ्या, झाकण करकरणारं. त्या दुकानाला भोकाचं काय माहीत. दफन करून आल्यावर बाबा दुकानात जाऊन गिरमिट हातात घेऊन बसले होते, आणि त्यांना तसं बसलेलं फक्त धाकटीने पाहिलं होतं.

"बाबांना तसं जाऊ द्यायचं नव्हतं मला. म्हणून नेम मोडला."

दादा खाली वाकला. का वाकला ते त्यालाही कळलं नसेल. त्याने पेटीच्या पायाकडच्या फळीवरून बोटं फिरवली, आतून आणि बाहेरून.

"पण या पेटीला भोक नाहीये," तो म्हणाला.

नेमकं तेव्हा डोक्यावरच्या तक्तपोशीवर काठी वाजली. तीनदा. ती बाबांची काठी होती. पलंगाशी टेकवून ठेवलेली असे आणि तिची एक भाषा होती. एकदा वाजली की पाणी. दोनदा म्हणजे रंधा उलटा चालवतेस, फळी फिरव. लाकडाच्या रेघांच्या उलट रंधा मारला की आवाज खरखरीत येतो आणि बाबांना तो वर झोपेतही सहन व्हायचा नाही. आणि तीनदा म्हणजे सगळे वर या. ही पेटी करताना धाकटीचा हात कितीदा तरी उलटा पडला होता, पण काठी एकदाही वाजली नव्हती. तिला वाटलं होतं, बाबा झोपलेत.

सगळे वर गेले. या वेळी दाराशी कुणी थांबलं नाही, त्यामुळे हसू चढवायचं राहून गेलं.

बाबा उशीला टेकून बसले होते. दुपारचं ऊन खिडकीतून तिरपं पलंगावर आलं होतं. त्यांनी एकेकाला बसायला सांगितलं, आणि बसायला पुरेशा जागा नव्हत्याच, म्हणून दादा जमिनीवर बसला. त्याच्या शाळेतल्या कुणी पाहिलं असतं तर ओळखलं नसतं.

"ही जमीन फळ्यांची आहे," बाबा म्हणाले. "माझ्या बापाने ठोकलेली. मधे फटी आहेत. तुम्हाला कुणालाच हे आठवत नाही?"

आत्याने तोंड उघडलं. बाबांनी हात वर केला.

"आक्का, थांब जरा. तुझं झालं मघाशी खाली."

मग ते बोलले, थांबत थांबत, श्वास गोळा करत. पेटीचं मला आज नाही कळलं, ते म्हणाले. ज्या दिवशी पहिली फळी बाकावर चढली त्याच दिवशी कळलं. रंधा फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, तेवढा त्याचा आवाज चालतो. लहान मुलाच्या पेटीचा आवाज सुरू होतो न होतो तोच संपतो, तो मला जन्मभर सोसला नाही. बाईमाणसाचा वेगळा, उंच माणसाचा वेगळा. इतकी वर्षं ऐकतोय, आणि माझ्या स्वतःच्या उंचीचा आवाज मला ओळखू येणार नाही?

"मग काठी का नाही वाजवली?" धाकटीने विचारलं. "उलटा चालत होता रंधा."

"वाजवली असती तर तू थांबली असतीस. मला तर बरं वाटलं. म्हटलं, घरात एका माणसाला तरी खरं माहीत आहे. आता ती वर येईल आणि बोलेल." ते थोडं थांबले. "तू आली नाहीस."

धाकटीने हेच तर केलं होतं. दिवसभर खाली त्यांची पेटी, आणि वर गेलं की दुकान चाललंय. बाकीचे निदान हसत तरी होते.

"तुम्ही सगळे वर येता, हसता आणि जिन्यात जाऊन रडता," बाबा म्हणाले. "जिना पार भिजून गेलाय. या खोलीत कुणीच रडत नाही, त्यामुळे मलाही रडता येत नाही. एकट्याने किती वेळ बरं होत राहायचं माणसाने?"

ताई उठून खिडकीशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. तशीच पाठमोरी ती म्हणाली, "मी सांगितलं हिला. रिपोर्ट मीच वाचले होते. मघाशी खोटं बोलले."

"ठाऊक आहे," बाबा म्हणाले. "तुला लपवता येत नाही. लहानपणी साखर खाऊन यायचीस तेव्हाही यायचं नाही."

आत्याच्या चेहऱ्यावर एव्हाना कितीतरी गोष्टी येऊन गेल्या होत्या. ती म्हणाली की साखळी मोडायची का मग, मंडळाला काय सांगायचं, बरं करण्याची ताकद प्रभूकडे नाही असं म्हणायचं आहे का तुला. तिचा आवाज चढला आणि अर्ध्यावरच फाटला. मग ती एकदम लहान आवाजात म्हणाली, "मी एकटीच उरेन रे. आपल्यातली."

या घरात आत्याला भीती वाटते ही गोष्ट कुणाच्या स्वप्नातही आली नव्हती. तिची प्रार्थना इतकी मोठ्याने का असायची ते धाकटीला आत्ता कळलं.

बाबांनी तिचा हात धरला. "त्याची ताकद मी कशाला नाकारू? पण आक्का, क्रुसावर जायच्या आदल्या रात्री बागेत प्रभू स्वतः काय म्हणाला ते बघ ना. बापाला म्हणाला, हे टळत असलं तर टाळ. तेवढं मागून झालं. मित्रांकडे मात्र एकच मागितलं, की माझ्याबरोबर जागे राहा. आणि तेवढंच त्यांच्याने झालं नाही, बिचारे झोपले. घाम फुटला होता त्याला. मला फुटतो तसाच. पहाटे जाग येते, छाती भरून येते, खोलीत कुणी नसतं. तेव्हा मला तो आठवतो. सिंहासनावरचा नाही आठवत. तो बागेतला आठवतो, घाबरलेला. मग वाटतं, चला, ही जागा त्याने बघितलेली आहे."

ते दमले होते. ताईने पाणी दिलं. दादा जमिनीकडे बघत बसला होता आणि फळ्यांमधली फट नखाने कोरत होता.

"भोकाचं काय झालं?" बाबांनी विचारलं. ते धाकटीला होतं.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "नाही पाडलं," ती म्हणाली. "गिरमिट लावलं होतं. फिरवलं नाही."

"का?"

"भीती वाटली. बाकीच्यांच्या पेट्यांना पाडत होते तेव्हा कधी विचारच केला नाही. हात करत होते. तुमच्या फळीला गिरमिट लावलं आणि पहिल्यांदा मनात आलं, की खरंच येणार आहे का उजेड? आणि नसला येणार तर? तर मी इतकी वर्षं नुसतीच भोकं पाडत बसले. मग म्हटलं, ज्यावर आपला विश्वास आहे की नाही हेच कळत नाही, ते बाबांच्या पेटीत कसं घालायचं. खोटं काम होईल."

तिला वाटलं होतं आत्या काहीतरी बोलेल. आत्या बोलली नाही. दादानेही मान वर केली नाही, आणि भोकाची थट्टा करायची हीच वेळ होती.

बाबा मात्र हसले. खरं हसले, आणि त्यामुळे खोकला आला, तो शमेपर्यंत सगळे श्वास रोखून बसले.

"तुझ्या आईच्या पेटीला नव्हतं भोक," ते म्हणाले. "किती दिवस मी त्यावरच अडून बसलो. तिला अंधारात ठेवलं म्हणून. मग एकदा उपासनेत बसलो असताना माझं मलाच हसू आलं. ज्याच्या थडग्याची धोंड कुणाला न विचारता बाजूला झाली, तो माझ्या गिरमिटासाठी अडून राहील होय? भोक त्याच्या सोयीसाठी नाही पोरी. आत झोपणाऱ्यासाठीही नाही. करणाऱ्यासाठी आहे. दर वेळी माझी खात्री होती असं समजू नकोस. लहानग्यांच्या पेट्यांच्या वेळी तर मुळीच नसायची. तेव्हा भांडत भांडत पाडायचो, दात खाऊन. खात्री असती तर गिरमिट कशाला लागलं असतं, नुसतं झाकण लावून मोकळा झालो असतो." त्यांनी श्वास घेतला. "फळी आण वर. स्क्रू काढ आणि आण."

पायाकडची फळी काढायला वेळ लागला नाही. ती वर आणली तेव्हा दादा उठून उभा राहिला, आणि काय करावं ते न कळून त्याने ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली, उभी. बाबांनी फळीवरून हात फिरवला. तांबूस, गुळगुळीत.

"कपाट व्हायचं होतं याचं," ते म्हणाले. "असो. निदान पावसाळ्यात दारं घासायची कटकट नाही."

यावर आत्याच हसली, डोळे पुसत.

गिरमिट बाबांनी लावलं. पहिले दोन-तीन वेढे त्यांनी दिले, बारीक भुसा त्यांच्या पांघरुणावर पडला, आणि मग मनगट थांबलं. त्यांनी न बोलता मूठ आत्यापुढे केली. आत्याने आयुष्यात गिरमिट धरलं नव्हतं. तिने दोन्ही हातांनी एक वेढा दिला, तोही वाकडा, ओठ हलत होते पण आवाज नव्हता. ताईने मानेनेच नको म्हटलं आणि ती खिडकीशीच राहिली.

"दादा, पोट बाजूला घे," धाकटी म्हणाली. "टोक पलीकडून येईल आता."

"राहू दे," दादा म्हणाला, "मी धरतोय नीट." त्याने पोट आत ओढलं, पण फळी सोडली नाही.

उरलेले वेढे धाकटीने दिले. खात्री तिला तेव्हाही नव्हती. लाकूड घट्ट होतं आणि तिला दात खावे लागले. एका वेढ्याला पलीकडची बाजू फुटली, गिरमिट मोकळं झालं, आणि तिने ते उलटं फिरवून बाहेर काढलं.

"बघ आता," बाबा म्हणाले.

दादाने फळी पलंगाच्या मधोमध टेकवली. बाबा पलीकडे आणि धाकटी अलीकडे. ती गुडघ्यांवर बसली आणि भोकाला डोळा लावला. आधी नुसताच पांढरा झगझगाट दिसला, कारण ऊन पलंगावर होतं. मग हळूहळू त्यातून गाल दिसला, वाढलेली पांढरी दाढी, आणि ओला डोळा, तिच्याकडेच बघत असलेला.

"काय दिसतंय?" पलीकडून आवाज आला.

"तुम्ही," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. महिनाभरात ती पहिल्यांदाच त्या खोलीत रडत होती. तिच्या पाठोपाठ बाबा रडले. मग दादा फळी धरून उभ्या उभ्याच रडला, आणि जिन्यात जायला कुणी उठलं नाही.

संध्याकाळी ज्याला त्याला आपापल्या घरी जावं लागलं. ताईची ड्यूटी होती, दादाला सकाळची शाळा, आणि आत्याचं प्रार्थना मंडळ. आता मंडळात काय मागायचं ते वाटेत ठरवते, असं ती म्हणाली. पाळी लावून रोज कुणी ना कुणी बाबांजवळ राहायला येईल असं ठरलं. ते कितपत पाळलं जाईल याबद्दल धाकटीला शंका होती, पण ताईने जाताना तिची बोटं घट्ट धरली होती, पांघरुणातल्यासारखी.

ती फळी घेऊन खाली आली. दुकानात तीच होती, आणि पेटी. तिने फळी जागेवर बसवली आणि स्क्रू आवळले. घर पुन्हा नेहमीसारखं शांत झालं होतं, आणि ही शांतता आता वाढतच जाणार हे तिला समजत होतं. भीती गेली नव्हती. बाकाच्या त्या टोकाला ती भीती बसून होती, रोजच्यासारखीच. पण धाकटीने रंध्याचं पातं काढून दगडावर घासलं, धार अंगठ्याने पाहिली, आणि पुन्हा बसवलं. मग तिने भिंतीशी टेकलेली एक लांब फळी उचलून बाकावर चढवली. त्या दिवशी कुणाचंच काम नव्हतं. वर बाबा ऐकत असतील म्हणून तिने रंधा मारायला सुरुवात केली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि हात पुन्हा उलटाच पडला.

वरून काठी वाजली. दोनदा.

धाकटीने फळी फिरवली.